दर्भाचा कावळा

आप्पांना जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते, आणि रोज संध्याकाळी सव्वासातला ते अक्षयाला विचारत होते, ‘जेवलीस?’

फोन जिथे असेल तिथे एकदा थरथरायचा. दोन सेकंदांनी, तिने बोटसुद्धा न लावता, तिच्या फोनवरून उत्तर जायचं, ‘हो आप्पा. तुम्ही?’ त्यावर पलीकडून काही यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सव्वासातला पुन्हा तेच.

अक्षया भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. विचारणारं यंत्र होतं आणि उत्तर देणारंही यंत्रच, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी सात वाजले की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. ठाण्याच्या घरात कणीक मळता मळता हात थांबायचे. प्रकाशनाच्या कचेरीत उशिरापर्यंत मुद्रितं वाचत बसली असेल तर त्याच एका ओळीवर डोळे पुन्हापुन्हा फिरायचे. फोन बंद करून ठेवणं सोपं होतं. तेही तिच्याने होत नव्हतं.

हे सगळं आप्पांनीच उभं केलेलं. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झाल्यावर रत्नागिरीला भाट्याच्या घरी पडवीत ते तंत्रनिकेतनाच्या मुलांना संगणकाचं जाळं कसं चालतं ते शिकवत. आई गेली, पुढे त्यांना कमी ऐकू यायला लागलं, आणि फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडून नुसता आरडाओरडा व्हायला लागला. तेव्हा त्यांनी निरोप पाठवायचा स्वतःचा एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं ‘साद’. खोलीतल्या डब्याएवढ्या संगणकावर एक टोक आणि अक्षयाच्या फोनवर दुसरं. बाजारात असले शंभर प्रोग्राम फुकट मिळतात असं ती म्हणाली तेव्हा आप्पा म्हणाले होते, “ती दुसऱ्याच्या घरची दारं. हे आपलं.”

त्या ‘साद’मध्ये एक सोय होती. तू मीटिंगमध्ये असलीस तर आपोआप उत्तर जाईल, म्हातारा घोर लावून बसणार नाही, असं सांगून आप्पांनीच ती दाखवली होती. मागच्या गणपतीनंतर कचेरीत पाठ्यपुस्तकांची घाई सुरू झाली तेव्हा अक्षयाने ती चालू केली. आठवड्यापुरती. मग बंद करायची राहून गेली. राहून गेली हेही खरं नव्हे. बरं चाललं होतं. रोज विचारलं जात होतं, रोज उत्तर जात होतं, आणि तिला त्यात काहीच करावं लागत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी, दुपारी साडेचारला, आप्पांचा अवेळी निरोप आला. ‘छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय. धावत ये असं नाही. कळवून ठेवलं.’

दोन सेकंदांनी उत्तर गेलं. ‘हो आप्पा. तुम्ही?’

फोन पर्समध्ये होता. संध्याकाळी सातला शेजारची मालन दिवा लावायच्या वेळी डोकावली, तेव्हा आप्पा खुर्चीत गेलेले होते. अक्षयाने फोन बाहेर काढला तेव्हा आठ वाजून गेले होते. भावाचे, सर्वेशचे, सतरा कॉल. आणि ‘साद’मध्ये दोन निरोप, साडेचारचा आणि सव्वासातचा. दोन्हींना तिचं उत्तर गेलेलं.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

दहाव्याला भाट्याच्या खाडीकाठी पिंड ठेवले. कावळे होते, माडांवर ओळीने बसलेले होते, पण खाली एकही उतरेना. तासभर झाला. सर्वेश हात जोडून पुढे झाला. “आप्पा, घर विकणार नाही. तुमची पुस्तकं कॉलेजला देईन.” कावळे बसूनच. आजारी काकांना सांभाळू, असं आत्याने सांगितलं. कुणीतरी म्हणालं, लेकीत जीव अडकला असेल, तिला काही बोलू द्या. सगळ्यांनी अक्षयाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण चारचौघांत ते शब्द बाहेर पडले नाहीत. ऊन चढलं, पायाखालची वाळू तापली. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या चार काड्या वळून गाठ मारली, त्याचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. “झालं,” ते म्हणाले. “शास्त्राला चालतं.”

सगळे मोकळे झाले. अक्षया त्या गवताच्या गाठीकडे बघत उभी राहिली. आठ महिने रोज संध्याकाळी आपण हेच करत आलो, एवढंच तिच्या मनात आलं. तेव्हापासून ते गेलंच नाही.

आता मे संपत आला होता. पावसाआधी घर बंद करायचं, म्हणून सर्वेश दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणहून येणार होता. “ताई, मेन स्विच काढून टाकतो,” तो फोनवर म्हणाला होता. “आप्पांचा तो डबा पण घेऊन येतो. दमटपणात सडेल नाहीतर.” अक्षया ‘बरं’ म्हणाली, रजा टाकली आणि एक दिवस आधीच येऊन थडकली. डबा बंद व्हायच्या आत तिला एकच गोष्ट शोधायची होती. त्या दुपारी ते उत्तर वाचून आप्पांना काय वाटलं? लेकीने आपलं दुखणं वाचलं आणि ‘हो’ म्हणून सोडून दिलं, असं मनात घेऊन ते गेले का?

कुलूप उघडेपर्यंत मालन झाकलेलं ताट घेऊन हजर. पन्नाशीची, ठेंगणी, जिभेला हाड नसलेली.

“आलंस गो बाय? वाळलंस किती! ठाण्यात भात मिळत नाय काय?”

“मिळतो गं.”

“मग पोटात का जात नाय? फणसाची भाजी हाय, आमटी हाय. खा आणि मग रड. उपाशी रडू नको, डोकं धरतं.” ताट टेबलावर ठेवून ती दारापाशी थबकली. “आणि कडी घाल हां. वांदरं माजलीत. परवा माझा तुपाचा डबा घेऊन कौलावर जाऊन बसला मेला, वर मलाच दात दाखवतो.”

“घालते.”

“आप्पांचं तर काय, दिवसाढवळ्यासुद्धा कडी. मी हाका मारून मारून घसा बसायचा, त्यांना ऐकायला कुठे येतंय? मग खिडकीतून काठी हलवायची.” मालनचा आवाज खाली आला. “म्हणून त्या दिवशी मला चरकलं बघ. दार नुसतं लोटलेलं. हात लावला नि उघडलं. एवढ्या वर्षांत कधी कडी काढून ठेवलीनी नव्हती.”

ती गेली. अक्षयाने कडी घातली. आतल्या खोलीत, आप्पांच्या खुर्चीशेजारी, डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. घरात जिवंत म्हणावं असं तेवढंच.

संगणकाचा पडदा मात्र उजळेना. कळ दाबली, पुन्हा दाबली. काळोखी काच आणि त्यात तिचाच चेहरा. आणि मग, कुणी कानाशी बोलावं तसं तिला स्पष्ट आठवलं. “वरून काय बघतेस? खालून चढत ये. आधी तार.”

हे आप्पांचं शिकवणं. पुस्तकात सात थर असतात, ते मुलांना सांगत, परीक्षेत सातच लिहा. पण काम करताना माझे पाच धरा. तार, शेजार, पत्ता, पोच, अर्थ. आणि मग गोदाची गोष्ट सांगत. त्यांच्या लहानपणी राजिवड्यात गोदा नावाची बाई होती. नवरा बोटीवर. तिला लिहिता येत नसे, म्हणून ती बोलायची आणि आप्पांची आई लिहायची. आई पत्रावर आकडा घालायची, पाचवं, सहावं. पोस्टातला माणूस फक्त पत्ता वाचायचा. थैली या गाडीतून त्या गाडीत, या बंदरातून त्या बंदरात, प्रत्येकाला फक्त शेजारचा ठाऊक. आणि सगळ्यांच्या खाली रस्ता, समुद्र. पलीकडे बोटीवर उलटा प्रवास. थैली फुटायची, पाकीट फुटायचं, बोटीवरचा कारकून आकडा बघून बाजूला करायचा आणि मजकूर वाचून दाखवायचा. “आता बघा,” आप्पा म्हणत, “गोदाला वाटायचं, मी नवऱ्याशी बोलतेय. माझ्या आईला वाटायचं, मी त्या कारकुनाशी बोलतेय. पोस्टाला वाटायचं, मी पोस्टाशी बोलतोय. प्रत्येक थर पलीकडच्या आपल्यासारख्याच थराशी बोलतो, आणि प्रत्यक्षात हातातलं फक्त खालच्याच्या हातात देतो. आपलं वेष्टण घालायचं, पलीकडे आपलं वेष्टण काढायचं. आत काय आहे ते विचारायचं नाही. तेवढा एक नियम सगळ्यांनी पाळला म्हणून जग बोलतंय.”

एकदा एका मुलीने विचारलं होतं, मग पोच आणि अर्थ वेगळे कशाला? अक्षया तेव्हा सुटीला आली होती, पडवीत कोकमं वाळत घालत ऐकत होती. आप्पांनी खडू खाली ठेवला. “पलीकडून यायचं, पाचवं मिळालं. ती पोच. गोदा इकडे ऊर बडवून म्हणायची, मेल्याने माझं वाचलं का? ते आईला कसं कळणार? पोचणं वेगळं, वाचणं वेगळं. पोचेची हमी कुठलाही प्रोग्राम देतो. वाचल्याची हमी देणारा अजून जन्माला यायचाय.”

अक्षया खाली वाकली. पडद्याची तार भिंतीशी उंदराने कुरतडली होती. आप्पांच्या खणात, नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या, चिठ्ठी लावलेल्या तारा होत्या. ‘पडदा, जुनी, चालते.’ ती लावली. पडदा उजळला. शेजार होता, हिरवा दिवा सांगत होता. पत्ता होता, रोज सव्वासातला तो तिला शोधून काढतच होता. पोचही होती. उरला शेवटचा थर.

पडद्यावर ‘साद’ची वही उघडीच होती. तारीख, वेळ, कुणाकडून, मजकूर. आणि प्रत्येक ओळीच्या आधी एक आकडा, शून्य नाहीतर एक. तिच्या फोनवर असला आकडा कधी दिसला नव्हता. तळाला कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं, ‘रांगेत : १’. सव्वासातचा निरोप तयार होऊन बसला असेल, असं तिला वाटलं.

आकड्याचा अर्थ आप्पांच्या कागदी वहीत मिळाला. निळ्या शाईत, शिकवताना फळ्यावर लिहीत तसल्या सुट्या अक्षरांत.

‘साद. नियम. एक. प्रत्येक निरोपाच्या कपाळावर आकडा. शून्य म्हणजे हाताने लिहिलेला, एक म्हणजे यंत्राने पाठवलेला. हा आकडा वेष्टणावर राहील. वाचणाऱ्याला दिसणार नाही. दोन. सव्वासातपर्यंत मी काही लिहिलं नाही तर यंत्राने विचारावं. अक्षूला घोर नको. तीन. विचारल्यावर यंत्राचंच उत्तर आलं तर ते उत्तर धरू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं. चार. शून्याचं उत्तर आलं की यंत्राने गप्प बसावं. मी बोलेन तेव्हा बोलेन.’

खाली वेगळ्या, काळ्या शाईत, मागाहून घातलेला पाचवा. ‘ज्या निरोपावर थांब लिहिलं असेल तो समोरून शून्य येईपर्यंत बाहेर सोडू नये. यंत्राच्या हातात द्यायचा नाही.’

पाचवा तिने वाचला, पण डोक्यात शिरला नाही. डोकं पहिल्यावरच अडलं होतं. त्यांना दिसत होतं. पहिल्या दिवसापासून.

ती पडद्यावरच्या ओळी मागे नेत गेली. आप्पांच्या ओळी : शून्य, शून्य, शून्य. संध्याकाळी सात वाजून तीन मिनिटं, सात वाजून पाच, सात वाजता. दररोज हाताने. दिवाळीनंतर सलग दोन दिवस एक होता, सव्वासातचा. त्या दोन दिवसांपुढे कागदी वहीत लिहिलं होतं, ‘इस्पितळ. सर्वेशलाही सांगितलं नाही.’ तिसऱ्या दिवसापासून पुन्हा शून्य.

तिच्या ओळी : एक, एक, एक, एक.

दोनशेवर ओळींत तिचे शून्य तीन. ते तीन निरोप आप्पांनी कागदी वहीत तारखेसकट उतरवून घेतले होते, एकही शब्द न गाळता. ‘फराळ मिळाला, करंजी फुटली नाही एकही.’ ‘नवा चष्मा आणलात का?’ ‘आज बाजारात बांगडे दिसले, तुम्ही हवे होतात.’ बांगड्यांच्या ओळीखाली रेघ मारलेली. बाकीच्या सगळ्या दिवसांसमोर नुसतं ‘यं.’ यंत्र. तक्रारीचा एक शब्द कुठे नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

ती थेट शेवटच्या पानावर गेली. तो गुरुवार. अक्षर हललेलं होतं, पण सुटंच होतं.

‘४.३१. पोचलं. वाचलेलं नाही. कामात असेल.’

अक्षयाने वही मिटली. मग उघडली. ‘कामात असेल.’ ती ज्याला घाबरत होती ते झालं नव्हतं. तिने वाचून दुर्लक्ष केलं असं त्यांना क्षणभरही वाटलं नव्हतं. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं, आणि ते खरं ह्याहून बरं नव्हतं. छातीत कळ येत असताना, लेकीच्या ठिकाणी एक गवताची गाठ उत्तर देतेय हे बघून, त्यांनी तिच्या बाजूने सबब लिहून ठेवली होती.

खिडकीबाहेर खाडीवर उजेड पिवळा होत चालला होता. सात वाजून दहा मिनिटं.

तिने फोन काढला, ‘साद’ उघडलं आणि आपोआप उत्तराची सोय बंद केली. एवढीशी गोष्ट. एक बोट.

फोन हातात धरून बसल्यावर चौथा नियम नव्याने समोर आला. शून्याचं उत्तर आलं की यंत्राने गप्प बसावं. म्हणजे आज आपण हाताने उत्तर दिलं तर उद्या सव्वासातला फोन थरथरणार नाही. परवाही नाही. आणि नाही दिलं तर? उद्या सर्वेश स्विच काढेलच, पण त्याला थांबवता येईल. डबा ठाण्याला नेता येईल, पुस्तकांच्या फळीवर ठेवता येईल. रोज सव्वासातला आप्पा विचारतील. वर्षानुवर्षं विचारतील. उत्तर मिळेपर्यंत विचारायचं, एवढंच त्यांनी त्याला शिकवलं होतं, आणि ते यंत्र कंटाळणार नव्हतं.

तिला माडांवर बसलेले कावळे आठवले. खाली न उतरता, मान वाकडी करून बघत राहिलेले.

फोन थरथरला. डब्याचा दिवा भरभर लुकलुकला. पडद्यावर नवी ओळ उमटली : एक. ‘जेवलीस?’

दोन सेकंद गेले. पाच गेले. उत्तर गेलं नाही. एकेचाळीस दिवसांत पहिल्यांदाच त्या प्रश्नापुढे कुणी नव्हतं, ती सोडून.

ती लिहायला लागली. लांबलचक लिहिलं, खोडलं. माफीचं लिहिलं, तेही खोडलं. आप्पांनी विचारलं होतं ते एवढंच, आणि दोनशेवर वेळा तिने त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. शेवटी ओळ उरली ती अशी : ‘नाही आप्पा. अजून नाही जेवले.’

बोट वर धरून ती किती वेळ बसली कोण जाणे. मग पाठवलं.

पडद्यावर तिची ओळ आली. कपाळावर शून्य.

हिरवा दिवा स्थिर झाला. झालं, तिने मनाशी म्हटलं, आता गप्प. खोलीत खरोखरच आवाज नव्हता. भिंतीपलीकडे मालन वांदरांना शिव्या घालत होती, तेवढाच.

आणि तळाच्या कोपऱ्यात ‘रांगेत : १’ होतं तिथे शून्य झालं.

फोन तिच्या हातात थरथरला. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, कारण फोनकडे बघायचा धीर होईना. नवी ओळ. आप्पांकडून. कपाळावर शून्य. हाताने लिहिलेला.

तिने वळून पाहिलं. खुर्ची शेजारीच होती, रिकामी, बसून बसून उशीला पडलेल्या खळग्यासकट. मग तिला ओळीतली वेळ दिसली. लिहिला तो एप्रिलमधल्या त्या गुरुवारी, चार वाजून छत्तीस मिनिटांनी. पुढे एक शब्द, ‘थांब’. काळ्या शाईतला पाचवा नियम तिला आता कळला. सबब लिहून झाल्यावर पाच मिनिटांनी त्यांनी हे लिहिलं होतं आणि यंत्राला बजावलं होतं, हा त्या गवताच्या हातात द्यायचा नाही. ती येईल तेव्हा तिला दे. एकेचाळीस दिवस तो निरोप दाराच्या आत उभा होता.

तिने फोन उचलून वाचला.

‘दार नुसतं लोटलंय. कडी काढून ठेवली आहे. ढकल आणि ये.’

अक्षया उठली. पडवीतून दारापर्यंत गेली. वांदरांसाठी घातलेली कडी तिने काढली, दार लोटून ठेवलं, आणि मालनने आणलेलं ताट घेऊन आप्पांच्या खुर्चीसमोर जेवायला बसली.